'आण्विक' म्हणजे नेमके काय? अणूवरून आलेल्या एका विशेषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानाचा मजकूर मराठीत आणताना मी सर्वांत जास्त वेळा अडखळलो तो 'आण्विक' या शब्दापाशी. बातमीत तो बॉम्बला लागतो आणि पाठ्यपुस्तकात वस्तुमानाला. हिंदीतून आलेल्या मजकुरात तर त्याचा अर्थच बदललेला असतो. शिक्षक, अनुवादक, दहावीच्या मुलांचे पालक आणि एका माती परीक्षण प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

'आण्विक' या शब्दाचा सरळ अर्थ काय?

अणूचा किंवा अणूशी संबंधित. अर्थ एवढाच आहे, पण अडचण इथूनच सुरू होते, कारण अणूच्या आत दोन अगदी वेगळे प्रदेश आहेत. मध्यभागी केंद्रक असते आणि त्याच्या भोवती इलेक्ट्रॉन. केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे धरले, तर अणूचा व्यास शंभर मीटरच्या घरात जाईल. मोठ्या मैदानाच्या मधोमध मोहरीचा एक दाणा ठेवला आहे आणि बाकी सगळे मैदान इलेक्ट्रॉनांचे आहे, असे समजा. तरीही अणूच्या वस्तुमानाचा ९९.९ टक्क्यांहून जास्त भाग त्या दाण्यातच असतो.

लोखंड गंजते, गॅस पेटतो, मीठ पाण्यात विरघळते, सोडिअमचा दिवा पिवळा दिसतो ही सगळी इलेक्ट्रॉनांची कामे आहेत. किरणोत्सार, अणुभट्टी आणि अणुबॉम्ब ही केंद्रकाची कामे. मराठीत आपण दोन्हींना 'आण्विक' म्हणतो. म्हणून हा शब्द दिसला की मी आधी एकच गोष्ट पाहतो: इथे अणूचा कोणता भाग काम करतो आहे? या पानावरची बहुतेक उत्तरे त्या प्रश्नाकडेच जातात.

अणु की अणू? आण्विक की आणविक?

शब्द सुटा असेल तर 'अणू', शेवटचा उकार दीर्घ. 'अणूचा', 'अणूंमध्ये' यांतही दीर्घच. समासात पहिले पद म्हणून आला की ऱ्हस्व: अणुबॉम्ब, अणुऊर्जा, अणुभट्टी, अणुअंक. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तत्सम शब्दांना हीच रीत लागू होते. गुरू पण गुरुदक्षिणा, वायू पण वायुगळती, तसेच हे. 'अणूऊर्जा' आणि 'अणूबॉम्ब' ही रूपे वर्तमानपत्रांत इतकी दिसतात की डोळ्यांना खटकेनाशी झाली आहेत. तरी ती चूक आहेत.

'अण्वस्त्र' हा मला या कुटुंबातला सर्वांत देखणा शब्द वाटतो. अणु अधिक अस्त्र, उकाराचा वकार झाला आणि दोन शब्द एकजीव झाले. त्याच वाटेने अणूला 'इक' लागून 'आण्विक' झाला आणि मराठीत तोच रुळला. 'आणविक' हे रूप मनु–मानव, रघु–राघव, पशु–पाशवी या घडणीच्या जवळचे आहे. हिंदीत ते जास्त दिसते. मराठीत लिहिताना 'आण्विक' ठेवावे आणि एका लेखात दोन्ही रूपे मिसळू नयेत.

हिंदीत 'अणु' म्हणजे रेणू असतो, हे खरे का?

खरे आहे, आणि सर्वांत जास्त घोटाळा यानेच होतो. मराठी विज्ञानात अणू आणि रेणू अशी जोडी आहे. अणू हा मूलद्रव्याचा कण आणि अणू एकमेकांना जोडून बनतो तो रेणू. हिंदीत जोडी आहे परमाणु आणि अणु. म्हणजे आपला अणू तो त्यांचा परमाणु, आणि आपला रेणू तो त्यांचा अणु. बंगाली आणि गुजरातीतही हिंदीसारखीच वाटणी आहे. तमिळमध्ये मात्र अणु म्हणजे आपल्यासारखाच अणू. रेणूसाठी तिथे वेगळा शब्द आहे.

याचा परिणाम विशेषणावर थेट होतो. हिंदी पाठ्यपुस्तकातले 'आणविक द्रव्यमान' म्हणजे आपले रेणुवस्तुमान. हिंदीतले 'आणविक जीवविज्ञान' म्हणजे आपले रेण्वीय जीवशास्त्र, डीएनए आणि प्रथिनांच्या रेणूंचा अभ्यास. बॉम्बशी किंवा किरणोत्साराशी त्याचा काही संबंध नाही. एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या मजकुरात 'आण्विक निदान' करणाऱ्या प्रयोगशाळेचा उल्लेख होता. मूळ हिंदी होते आणि अर्थ होता जनुकीय रेणूंवरून रोगाचे निदान. मराठी वाचकाला मात्र ते वाचून तिथे किरणोत्सारी पदार्थ वापरतात असेच वाटले असते. मजकूर तसाच छापून गेला असता, तर भीतीने एखाद्याने तपासणी टाळलीही असती.

हिंदी माध्यमातून मराठी माध्यमात आलेल्या, किंवा उलट गेलेल्या, मुलांना हा फरक पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यावा. अशा मुलांची उत्तरे चुकतात तेव्हा त्यांना विज्ञान कळलेले नसते असे नाही. शब्द सरकलेले असतात.

मग 'परमाणू' हा शब्द मराठीत नाहीच का?

आहे, पण तो तत्त्वज्ञानातून आलेला आहे. कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणू हा पदार्थाचा शेवटचा, नित्य आणि न तुटणारा कण. दोन परमाणूंचे द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. कवडशात तरंगताना दिसणारा धुळीचा बारीक कण म्हणजे हे त्र्यणुक असे मानले जाई. त्यालाच त्रसरेणू असेही म्हणत. म्हणजे डोळ्याला दिसू शकणाऱ्या सर्वांत लहान कणापासून सुरुवात करून तर्काने आत आत जायचे, अशी ती मांडणी आहे.

आपल्या 'रेणू'चे मूळही इथे सापडते. रेणू म्हणजे धूळ, रजःकण. आधुनिक रसायनशास्त्र मराठीत आणणाऱ्यांनी अणू–रेणू ही जुनी, बोलीत आधीच घट्ट बसलेली जोडी उचलली आणि तिला नवा, नेमका अर्थ दिला. मला ती निवड फार आवडते. 'अणुरेणूत भरून राहिलेला' असे म्हणणाऱ्या माणसाला हे दोन्ही शब्द शाळेत परके वाटत नाहीत.

वैशेषिकांचा परमाणू आणि आजचा अणू एकच असे मात्र समजू नये. एकाचा पाया तर्क आहे, दुसऱ्याचा मोजमाप. कणादांना अणुभट्टी ठाऊक होती असे सांगणारे संदेश फिरतात. अशा संदेशांनी कणादांचा मान वाढत नाही. कणादांनी खरोखर जो विचार केला तो झाकला जातो.

'ॲटम' म्हणजे न फुटणारा. मग अणू फुटला तेव्हा शब्द खोटा ठरला का?

ग्रीक शब्द खोटा ठरला. 'अटोमोस' म्हणजे न कापता येणारे. प्राचीन ग्रीक विचारवंत डेमोक्रिटसची ही कल्पना १९ व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉन डाल्टनने रसायनशास्त्रात आणली. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांना अणूहून लहान इलेक्ट्रॉन सापडला. १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी केंद्रक दाखवले आणि १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन. या लहान कणांना आपण अवअणुकण म्हणतो.

आपला शब्द मात्र खोटा ठरला नाही. संस्कृतात 'अणु' हे मुळात विशेषण आहे आणि त्याचा अर्थ बारीक, सूक्ष्म. न फुटण्याचे वचन त्याने कधी दिलेच नव्हते. त्यामुळे 'अणूचे विभाजन' हा शब्दप्रयोग मराठीत सहज चालतो.

अणुबॉम्बमध्ये केंद्रक फुटते. मग त्याला केंद्रकीय बॉम्ब का म्हणत नाहीत?

कारण नाव आधी आले आणि शास्त्र नंतर. 'ॲटॉमिक बॉम्ब' हा शब्द इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत वापरला होता. तेव्हा न्यूट्रॉनही सापडायचा होता. युरेनियमचे केंद्रक फुटते हे डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांच्या प्रयोगातून पुढे आले आणि लिझे माइटनर व त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला. या फुटण्यासाठीचा, म्हणजे विखंडनासाठीचा, 'फिशन' हा इंग्रजी शब्द फ्रिश यांनी जीवशास्त्रातून घेतला. पेशी दुभंगते तिथला तो शब्द.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर युरेनियमचा आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर प्लुटोनियमचा बॉम्ब पडला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी वेल्स यांच्याच शब्दाने बातम्या दिल्या. मराठीत 'अणुबॉम्ब' आला तो असा. पुढे पश्चिमेकडे 'न्यूक्लिअर', म्हणजे केंद्रकीय, हा नेमका शब्द पुढे सरकला. १९६८ साली सह्यांसाठी खुल्या झालेल्या आणि १९७० साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या इंग्रजी नावात 'न्यूक्लिअर' आहे. मराठीत आपण त्याला अण्वस्त्र प्रसारबंदी करार म्हणतो. पोखरणच्या १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनाही कोणी केंद्रकीय चाचण्या म्हटले नाही. हा शब्द आता बदलू नये असेच मला वाटते. लोकांनी ज्या शब्दात भय आणि शोक साठवला आहे, तो दुरुस्तीसाठी काढून घेता येत नाही.

अणुऊर्जा आणि केंद्रकीय ऊर्जा एकच ना?

व्यवहारात एकच. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर 'अणूची ऊर्जा' या नावावर कोळशाचा आणि लाकडाचा हक्क जास्त आहे. कोळसा जळतो तेव्हा कार्बन आणि ऑक्सिजनचे अणू बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने नव्याने जोडले जातात. केंद्रकांना त्याची खबरही लागत नाही.

फरक किती आहे ते आकड्यांत पाहा. कार्बनचा एक अणू पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला की सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जा मिळते. युरेनियम-२३५ चे एक केंद्रक फुटले की सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळते. म्हणजे जवळपास पाच कोटी पट. एक किलो युरेनियम-२३५ मधली सगळी केंद्रके फुटली, तर जी उष्णता निघेल तिच्यासाठी अडीच ते तीन हजार टन चांगला कोळसा जाळावा लागेल. हा पाच कोटींचा फरक म्हणजे इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यांच्यातला फरक आहे, आणि 'अणुऊर्जा' हा शब्द नेमका तोच झाकतो.

म्हणून सर्वसाधारण लेखनात अणुऊर्जा म्हणावे, वर्गात शिकवताना मात्र एकदा तरी 'म्हणजे केंद्रकीय ऊर्जा' असे जोडावे. पाठ्यपुस्तके केंद्रकीय विखंडन आणि केंद्रकीय संमीलन हे शब्द वापरतात, ते योग्यच आहे. 'अणुगर्भीय' हाही जुना, समजायला सोपा शब्द आहे. तो मागे पडला याचे वाईट वाटते.

भारतातल्या संस्थांच्या नावांत 'अणु' का आहे, आणि हिंदीत तिथे 'परमाणु' का दिसते?

या संस्था ज्या काळात उभ्या राहिल्या त्या काळाचा हा ठसा आहे. अणुऊर्जा आयोग १९४८ साली स्थापन झाला, अणुऊर्जा विभाग १९५४ साली. तेव्हा इंग्रजीतही 'ॲटॉमिक' हाच शब्द चालत होता. १९५७ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या इंग्रजी नावातही तोच आहे. भारतात १९८७ साली अणुवीज केंद्रे चालवण्यासाठी सरकारी कंपनी निघाली, तोवर हवा बदलली होती. तिच्या नावात 'न्यूक्लिअर' आले.

ट्रॉम्बेला १९५४ साली होमी भाभांनी सुरू केलेल्या संस्थेला त्यांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये, त्यांचे नाव दिले गेले. मराठीत ती भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र. एकाच फाटकावरचे हे दोन शब्द म्हणजे वरच्या प्रश्नाचे जिवंत उदाहरण आहे. पण शेजारची वसाहत पाहा: अणुशक्तीनगर. हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेप्रमाणे तिचे नाव परमाणुशक्तीनगर व्हायला हवे होते. तसे झाले नाही, आणि पुढे विधानसभेचा मतदारसंघही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हिंदीतही परिभाषेबाहेर 'अणु' हा शब्द आपल्या अर्थाने वावरतो याची ही खूण.

अणुभट्टीत काय जळते?

काहीच जळत नाही. केंद्रके फुटून उष्णता निघते, तिने पाण्याची वाफ होते आणि वाफ जनित्राची चाके फिरवते. १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे केंद्र असो की आणखी कुठले, मागचा अर्धा भाग कोळशाच्या वीजकेंद्रासारखाच असतो. 'भट्टी' हा शब्द उष्णतेसाठी आहे, ज्वाळेसाठी नाही. तरीही तो उत्तम मराठी शब्द आहे. ऐकणाऱ्याला पहिल्या क्षणी कळते की इथे काहीतरी तापते.

दिवाळीतल्या 'ॲटम बॉम्ब'चा अणूशी संबंध आहे का?

नाही. सुतळी गुंडाळलेला तो फटाका रासायनिक दारूवर चालतो. हिरोशिमानंतर जगभर मोठ्या, नव्या आणि दणकेबाज वस्तूंना 'ॲटम' नाव देण्याची लाट आली, त्यातलेच हे नाव.

अणुअंक, अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान यांत मुले गोंधळतात. कसे समजवावे?

पहिले दोन मोजायचे असतात, तिसरे तोलायचे. केंद्रकातले प्रोटॉन मोजले की अणुअंक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही मोजले की अणुवस्तुमानांक. दोन्ही पूर्णांक, कारण अर्धा प्रोटॉन नसतो. अणुवस्तुमान मात्र प्रत्यक्ष वस्तुमान आहे. ते कार्बन-१२ च्या अणूच्या बाराव्या भागाशी तुलना करून सांगतात आणि म्हणून त्यात दशांश येतात.

क्लोरीनचे उदाहरण घ्या. अणुअंक १७. निसर्गात त्याची दोन समस्थानिके, म्हणजे प्रोटॉन सारखेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेले अणू, सापडतात. सुमारे तीन चतुर्थांश अणूंचा अणुवस्तुमानांक ३५ असतो, बाकीच्यांचा ३७. सरासरी काढली की अणुवस्तुमान येते ३५.४५. मुले विचारतात, "सर, साडेपस्तीस वस्तुमानाचा अणू कसा असेल?" तसा एकही अणू नसतो. वर्गाची सरासरी उंची १५२.३ सेंटिमीटर आली म्हणून नेमक्या त्या उंचीचे मूल वर्गात असलेच पाहिजे असे नाही.

यातला खरा राजा अणुअंक. मेंडेलीव्ह यांनी आवर्तसारणी वस्तुमानावरून लावली तेव्हा काही जागा कोड्यात टाकणाऱ्या होत्या. कोबाल्टचे वस्तुमान ५८.९३ आणि निकेलचे ५८.६९, तरी गुणधर्म पाहता कोबाल्ट आधी हवा. १९१३ साली हेन्री मोझली यांनी मूलद्रव्यांचे क्ष-किरण तपासून दाखवले की क्रम वस्तुमानाचा नाहीच, केंद्रकावरच्या प्रभाराचा आहे. कोबाल्ट २७, निकेल २८, कोडे सुटले. दोन वर्षांनी, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मोझली मारले गेले. वय अवघे २७. आवर्तसारणी शिकवताना या तरुणाचे नाव वर्गात घ्यायला मी विसरत नाही.

जुन्या पुस्तकांत अणुअंकाला अणुक्रमांक म्हटलेले आढळेल. अर्थ तोच.

पाण्याचे अणुवस्तुमान किती?

पाण्याला अणुवस्तुमान नसते, कारण पाण्याचा अणू नसतो. रेणू असतो आणि त्याचे रेणुवस्तुमान १८. 'पाण्याचा आण्विक भार १८' असे कुठे दिसले, तर ते वाक्य बहुधा हिंदीतून आले आहे.

अणुघड्याळ किरणोत्सारी असते का?

नसते. हा प्रश्न दरवेळी येतो आणि विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. 'अणु' म्हटले की किरणोत्सार, ही सवय भाषेनेच लावली आहे.

घड्याळाला एकसारखे झोके देणारे काहीतरी लागते. भिंतीवरच्या घड्याळात लंबक असतो, मनगटावरच्यात क्वार्ट्झचा स्फटिक. अणुघड्याळात ते काम सीझियम-१३३ चा अणू करतो. त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेच्या दोन अगदी जवळच्या पातळ्या असतात. ठरावीक वारंवारतेच्या सूक्ष्मलहरी दिल्या की अणू एका पातळीतून दुसऱ्या पातळीत जातो. ही वारंवारता सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० आवर्तने. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच या आकड्यावर उभी आहे. पहिले खरेखुरे उपयोगी सीझियम घड्याळ १९५५ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत चालू झाले. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या अशाच घड्याळांवर राखली जाते.

सीझियम-१३३ पूर्ण स्थिर आहे. चेर्नोबिलच्या अपघातानंतर ज्याची धास्ती होती ते सीझियम-१३७, वेगळे समस्थानिक. एका मूलद्रव्याची ही दोन भावंडे, पण त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे घड्याळ इतके काटेकोर कशाला हवे? मोबाइलवर रस्ता दाखवणारे उपग्रह वेळेवरून अंतर काढतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो. घड्याळ तेवढे चुकले, तर तुम्ही दादरच्या फुलबाजाराऐवजी भलत्याच गल्लीत पोहोचाल. 'नाविक' या भारताच्या उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली तेव्हा तो उपग्रह दिशादर्शनाच्या कामाचा राहिला नाही, इतके या यंत्रावर सारे अवलंबून असते.

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत 'ॲटॉमिक' यंत्र असते. ते शेतकऱ्याला धोक्याचे आहे का?

अजिबात नाही, आणि हे उदाहरण मला फार जवळचे वाटते, कारण 'आण्विक' हे विशेषण इथे अक्षरशः खरे आहे. तंत्रज्ञ त्याला एएएस म्हणतात, म्हणजे 'ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोस्कोपी', अणूंनी शोषलेल्या प्रकाशाचे मोजमाप. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी ही पद्धत घडवली.

मातीतले जस्त, लोह, तांबे, मंगल ही सूक्ष्म अन्नद्रव्ये रसायनाने द्रावणात उतरवतात. ते द्रावण ज्योतीत फवारतात. ज्योतीच्या उष्णतेने रेणू तुटतात आणि जस्ताचे सुटे अणू तयार होतात. मग जस्ताच्याच दिव्याचा प्रकाश त्या ज्योतीतून पाठवतात. जस्ताचा अणू २१३.९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, शेजारचा लोहाचा अणू तो जवळजवळ सोडून देतो. किती प्रकाश कमी झाला यावरून मातीत जस्त किती, हे कळते. मातीच्या अहवालात जस्त कमी दाखवले असेल, तर तो आकडा बहुधा अशाच यंत्रातून आलेला असतो.

इथे केंद्रकाला कोणी हात लावत नाही. किरणोत्सारी पदार्थ नाही, शिशाच्या भिंती नाहीत. काळजी घ्यायची ती गॅसच्या सिलिंडरची आणि धूर बाहेर जाण्याची. मराठी अहवालात 'आण्विक शोषण' असे लिहिले की लोक दचकतात. मी 'अणूंच्या प्रकाशशोषणावर आधारित तपासणी' असे लिहितो. दोन शब्द जास्त लागतात, पण वाचणाऱ्याला भीती वाटत नाही.

एमआरआयमध्येही 'न्यूक्लिअर' असते म्हणतात. आणि 'न्यूक्लिअर मेडिसिन' वेगळे का?

एमआरआयचे मूळ तंत्र म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याच्या केंद्रकांना प्रबळ चुंबकात रेडिओलहरींनी साद घालायची आणि ती काय उत्तर देतात ते टिपायचे. केंद्रक फुटत नाही, बदलत नाही, किरणोत्सार होत नाही. तंत्र रुग्णालयात आले तेव्हा नावातला 'न्यूक्लिअर' गळाला, आणि तो शब्द रुग्णांना घाबरवतो हे त्यामागे होतेच.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये मात्र किरणोत्सारी द्रव्य खरोखर वापरतात. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१, ज्याचा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवस. हाडांच्या किंवा हृदयाच्या चित्रणासाठी टेक्नेशियम-९९एम, अर्धायुकाल ६ तास. मात्रा मोजून दिलेली असते. आयोडीनची मोठी मात्रा दिली असेल, तर काही दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायला सांगतात. ते तंतोतंत पाळावे. मुंबईत परळला अणुऊर्जा विभागाचे विकिरण औषध केंद्र १९६३ पासून हे काम करत आले आहे.

एक-अणुक, द्विअणुक म्हणजे?

रेणूत किती अणू आहेत ते सांगणारी विशेषणे. हेलिअम, अरगॉन एक-अणुक, कारण ते एकेकटेच असतात. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन द्विअणुक, ओझोन त्रिअणुक. पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर उंचीवर सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनची जोडी तोडतात आणि सुटे अणू मागे राहतात. हा 'आण्विक ऑक्सिजन' उपग्रहांवरचे प्लास्टिकचे वेष्टन हळूहळू खातो. हिंदी वाचणाऱ्याला मात्र 'आणविक ऑक्सिजन' म्हणजे नेहमीचा, जोडीतला ऑक्सिजन वाटेल. अर्थ इथे अगदी उलटा होतो.

संगणकवाले 'ॲटॉमिक' म्हणतात त्याचा अणूशी काय संबंध?

अणूशी नाही, ग्रीक मुळाशी आहे. न तुटणारे काम, एवढाच अर्थ.

आईच्या खात्यातून मुलाच्या खात्यात पाच हजार रुपये टाकायचे आहेत आणि दोन्ही खाती एकाच बँकेत आहेत. कामे दोन: इकडून वजा, तिकडे जमा. वजा झाले आणि वीज गेली तर? म्हणून दोन्ही कामे एका गाठीत बांधतात. झाली तर दोन्ही होतील, नाही तर काहीच झाले नाही असे मानून सगळे पूर्ववत होईल. या गुणाला ॲटॉमिसिटी म्हणतात. व्यवहाराच्या चार गुणांची आद्याक्षरे जोडून 'ॲसिड' हा शब्द १९८३ साली हेर्डर आणि रॉयटर या संगणकशास्त्रज्ञांनी रूढ केला, त्यातला हा पहिला गुण. दोन वेगळ्या बँकांमध्ये अशी एकच गाठ सहसा नसते. म्हणूनच पैसे कधी कधी कापले जातात, पोहोचत नाहीत, आणि नंतर उलट जमा होतात.

मराठीत याला 'आण्विक व्यवहार' म्हणू नये. ऐकणाऱ्याला पोखरण आठवेल. 'अविभाज्य व्यवहार' किंवा सरळ 'अखंड व्यवहार' म्हणावे. भौतिकशास्त्राने सोडून दिलेला ग्रीक अर्थ संगणकशास्त्राने जपला आहे, तो मराठीतही नीट उतरावा.

अणुमात्र, अणुव्रत यांतला 'अणु' हाच का?

हो, पण विज्ञानाच्या आधीचा. 'अणुमात्र शंका नाही' म्हणजे अगदी बारीकशीही शंका नाही. जैन परंपरेत साधूंची ती महाव्रते आणि संसारी माणसाने पेलावीत ती अणुव्रते, म्हणजे छोटी व्रते. बंगालीत सूक्ष्मदर्शकाला अणुवीक्षण म्हणतात, तिथेही हाच अर्थ. संस्कृतात तर अणु नावाचे एक बारीक धान्यही आहे.

पुण्यात एका कार्यक्रमानंतर एक आजी भेटल्या होत्या. आचार्य तुलसींनी १९४९ साली सुरू केलेल्या अणुव्रत चळवळीत त्यांच्या माहेरचे लोक होते. त्या म्हणाल्या, "लहानपणी मला वाटायचं, अणुबॉम्ब म्हणजे लहानसा बॉम्ब."